दाढीचे सामान

सांगलीच्या गावभागातील एका जुन्या घराच्या माळ्यावर पत्र्याची एक लहान पेटी सहा वर्षे पडून होती. तीत पितळी सेफ्टी रेझर, लाकडी मुठीचा ब्रश, कडा झिजलेला तुरटीचा खडा, ॲल्युमिनियमची वाटी आणि उभा करता येणारा गोल आरसा एवढेच सामान होते. घरात या पेटीला ‘दाढीचे सामान’ याखेरीज दुसरे नाव नव्हते. ती मूळची अण्णांच्या वडिलांची. त्यांच्या पश्चात ती अण्णांकडे आली. पाटबंधारे खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झालेल्या अण्णांनी ती धरणाच्या कामावरील तंबूत, बदलीच्या गावातील भाड्याच्या खोलीत आणि अखेर स्वतःच्या घरात चाळीस वर्षांहून अधिक काळ रोज सकाळी उघडली.

सहा वर्षांपूर्वी अण्णांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवण्यात आला. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या सुरू झाल्या. उजव्या हाताला किंचित कंपही सुटू लागला. एका सकाळी हनुवटीवर बारीकशी जखम झाली आणि रक्त थांबेना. अर्धा तास पंचा दाबून धरला तेव्हा कुठे ते थांबले. त्याच दिवशी आजींनी एक शब्दही न बोलता ती पेटी माळ्यावर ठेवून दिली आणि मुलाने विजेवर चालणारे दाढीचे यंत्र आणून दिले. अण्णांनी वाद घातला नाही. मात्र ज्या वेळी ते आरशासमोर निवांत बसत, ती सकाळची पंधरा मिनिटे त्यांच्या दिनक्रमातून नाहीशी झाली.

पेटी पुन्हा खाली उतरली ती नातवाच्या निमित्ताने.

नातवाने रसायन अभियांत्रिकीची पदवी घेतली होती आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात त्याची निवडही झाली होती. अडचण आली ती अनपेक्षित ठिकाणी. वायूपासून संरक्षण करणारा मुखवटा चेहऱ्यावर नीट बसतो की नाही, याची अशा कारखान्यांत चाचणी घेतात. मुखवटा घातलेल्या माणसाभोवती केळ्यासारखा वास असलेले एक निरुपद्रवी रसायन सोडले जाते. वास आला, तर मुखवट्याच्या कडेतून हवा आत शिरते आहे असे समजावे. नातवाला केळ्याचा वास आला. कारण त्याने दाढी राखलेली होती आणि केसांमुळे मुखवट्याची कड त्वचेला चिकटत नव्हती. सुरक्षा अधिकाऱ्याने सांगितले, “१ जुलैला रुजू होताना गुळगुळीत दाढी करून या. हीच चाचणी पुन्हा होईल.”

नातवाने दाढी हौसेने राखलेली नव्हती. त्याचे केस राठ आणि कुरळे. तीन पात्यांच्या रेझरने दाढी केली की दुसऱ्या दिवशी मानेवर लाल पुटकुळ्या उठत, त्यांतील काही पिकत. हे लपवण्यासाठीच त्याने दाढी वाढू दिली होती. घरी हे कोणालाच ठाऊक नव्हते. नोकरीचे पत्र हातात असूनही मुलगा गप्प का, असे आजींनी दोनदा विचारले, तेव्हा त्याने कॉलर खाली ओढून मान दाखवली.

त्वचारोगतज्ज्ञांनी कारण समजावून सांगितले. अनेक पात्यांच्या रेझरमध्ये पहिले पाते केस किंचित वर ओढते आणि तो मागे सरकण्याआधी पुढचे पाते तो कापते. त्यामुळे कापलेले टोक त्वचेच्या खाली जाते. सरळ केसाला याचा सहसा त्रास होत नाही. कुरळा केस मात्र वाढताना वळतो, त्वचेच्या आतच टोचतो आणि तेथे सूज येते. केस उगवतात त्याच्या उलट दिशेने रेझर फिरवल्यास हा त्रास वाढतो. डॉक्टरांनी मलम दिले, तीन आठवडे दाढीला हात लावू नकोस असे सांगितले आणि त्यानंतर एकच पाते असलेला रेझर, केसांच्या दिशेने आणि दाब न देता, वापरून पाहण्याचा सल्ला दिला.

एकच पाते हे शब्द ऐकताच अण्णांनी माळ्याला शिडी लावायला सांगितली.

पुढे जे घडले, त्याचा दोष अण्णांनी नंतर स्वतःकडेच घेतला. तीन आठवडे संपताच त्यांनी वडिलांचा पितळी रेझर उकळत्या पाण्यात धुतला, नवे पाते बसवले आणि नातवाला आरशासमोर उभे केले. मागे उभे राहून ते सूचना देत होते. हात नातवाचा आणि घाई आजोबांची, असा तो प्रकार झाला. दाढी संपली तेव्हा हनुवटीवर दोन आणि मानेवर एक अशा तीन जखमा होत्या. डावी मान सोलवटून निघाली होती. नातवाने चेहरा धुतला, रेझर वाटीशेजारी ठेवला आणि म्हणाला, “अण्णा, हा रेझर तुमच्या हातात बसलेला आहे. माझा हात अजून कोरा आहे. आणि माझ्याकडे आता तीनच आठवडे राहिलेत.”

अण्णांना ते लागले. वडिलांची वस्तू नातवाच्या उपयोगी पडावी, या इच्छेत त्याच्या मानेचा विचार मागे पडला होता. रात्री त्यांनी तो रेझर दिव्यासमोर धरून पाहिला. पात्याची एक कड पट्टीला समांतर होती, दुसरी तिरकी. केव्हातरी खाली पडून पट्टीचा एक दात वाकला होता आणि त्या बाजूला पाते नको तितके उघडे पडत होते. त्यांच्या स्वतःच्या हाताने हा दोष वर्षानुवर्षे नकळत सांभाळून घेतला होता. आयुष्यभर बांधकामाची लेव्हल तपासणाऱ्या माणसाने ही एवढीशी लेव्हल तपासली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी त्यांनी नातवाला ते दाखवले आणि म्हणाले, “चूक तुझ्या हाताची नव्हती. आता तुझ्यासाठी तुझ्या मापाचा निवडू. मी फक्त बरोबर येईन.”

निवडण्यापूर्वी दोघांनी या साधनाची माहिती वाचून काढली. संरक्षक पट्टी असलेले वस्तरे पूर्वीही होते. अमेरिकेत काम्फे बंधूंनी १८८० च्या सुमारास तसा रेझर बाजारात आणला. पण त्याच्या पात्याला वरचेवर धार लावावी लागे. किंग कॅम्प जिलेट या फिरत्या विक्रेत्याला १८९५ मध्ये वेगळी कल्पना सुचली : धार लावायचीच नाही, बोथट झाले की पाते बदलायचे. त्यासाठी पोलादाचा पातळ पत्रा कडक करून त्याला धार आणणे आवश्यक होते आणि ते जमणार नाही, असे जाणकारांचे मत होते. विल्यम निकरसन या अभियंत्याने ते जमवले. १९०३ या विक्रीच्या पहिल्या वर्षी फक्त ५१ रेझर आणि १६८ पाती विकली गेली. दुसऱ्या वर्षी रेझरांचा आकडा ९० हजारांवर गेला.

वाणिज्याच्या पुस्तकांत एक गोष्ट नेहमी सांगितली जाते की, जिलेटने रेझर जवळजवळ फुकट दिला आणि पैसा पात्यांवर मिळवला. प्रत्यक्षात पेटंट हाती होते तोवर त्याचा रेझर पाच डॉलरला विकला जाई आणि त्या काळी ही रक्कम सामान्य कामगाराला जड होती. १९२१ मध्ये पेटंटची मुदत संपली, स्पर्धक आले, तेव्हा स्वस्त रेझर निघाले. नातवाला मात्र वेगळीच नोंद भावली. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सरकारने सैनिकांसाठी सुमारे ३५ लाख रेझर घेतले. त्या युद्धात विषारी वायूचा वापर झाला होता आणि वायूचा मुखवटा घट्ट बसण्यासाठी चेहरा गुळगुळीत असणे गरजेचे होते. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या सैनिकाची आणि कुरकुंभला निघालेल्या या मुलाची गरज एकच होती.

खरेदीसाठी दोघे हरभट रोडवरील एका दुकानात गेले. तेथे तीन प्रकार पाहायला मिळाले. पहिला तीन सुट्या भागांचा : वरची टोपी, खालची पट्टी आणि दांडा. दुसऱ्यात पट्टी दांड्यालाच जोडलेली असते. तिसऱ्यात दांड्याचे टोक फिरवले की वरची दोन झाकणे पाकळ्यांसारखी उघडतात. तिसरा वापरायला सोपा, पण त्यात सांधे अधिक. साबण आणि क्षार अडकून तो कालांतराने ढिला होण्याची शक्यताही अधिक. तीन भागांचा रेझर पूर्ण सुटा करून धुता येतो. अण्णांचा कल साहजिकच त्याकडे होता. पण या वेळी त्यांनी मत दिले नाही. नातवाने स्वतः तिन्ही उघडून पाहिले आणि तोच उचलला.

पट्टी हा खरा महत्त्वाचा भाग आहे, हे दोघांना जुन्या रेझरने शिकवले होते. दातेरी पट्टीच्या फटींतून फेस आणि वाढलेले केस पात्यापर्यंत पोहोचतात. चार दिवसांची दाढी काढायला ती चांगली. सलग पट्टी पात्यापुढची त्वचा ताणून धरते आणि रोज दाढी करणाऱ्या नवशिक्याला ती अधिक सुरक्षित. पट्टी आणि पाते यांमधील फट जितकी मोठी आणि पात्याची कड जितकी बाहेर, तितका रेझर तिखट. दुकानदाराने एक भारी, तिखट रेझर पुढे करून सांगितले की, दाढी एका हातात साफ होईल. नातवाने सलग पट्टीचा, सौम्य म्हणून ओळखला जाणारा रेझर मागितला. दुकानातच त्यात पाते बसवून घेतले आणि उजेडाकडे धरून दोन्ही कडा समांतर आहेत ना, हे पाहिले. अण्णा बाजूला उभे राहून हे बघत होते.

वजनाचाही विचार झाला. फार हलका रेझर हाताला दाब द्यायला लावतो. पुरेसे वजन असलेला रेझर स्वतःच्या भाराने उतरतो. जस्ताच्या मिश्रधातूवर क्रोमचा मुलामा दिलेला रेझर स्वस्त पडतो, पण मुलामा उडाला की आतला धातू गंजू लागतो. पितळ अधिक टिकते. स्टेनलेस स्टील सर्वांत टिकाऊ आणि सर्वांत महाग. दोघांनी मध्यम वजनाचा, क्रोम चढवलेल्या पितळेचा, ओल्या हातातून निसटू नये म्हणून दांड्यावर खवले पाडलेला रेझर घेतला. नऊशे रुपये पडले.

पाती मात्र त्यांनी एकाच जातीची शंभर घेतली नाहीत. चार जातींची एकेक पुडी घेतली. सर्व पाती एकाच मापाची असली, तरी त्यांची धार आणि धारेवरचा लेप वेगवेगळा असतो. एकाला मऊ लागणारे पाते दुसऱ्याला खरवडते. अण्णांनी येथे आपला जुना नियम सांगितला : एका वेळी एकच गोष्ट बदलायची. रेझर, साबण, पाणी तेच ठेवून फक्त पाते बदलायचे. प्रत्येक पाते चार-पाच वेळा वापरायचे आणि दुसऱ्या दिवशी मान कशी आहे, ते वहीत लिहायचे.

ब्रशचा प्रश्न आजींनी उपस्थित केला. जुना ब्रश धुऊन उन्हात ठेवताना त्यांनी सहज विचारले, “हे केस कशाचे हो?” अण्णांना उत्तर देता येईना. नातवाने शोधून सांगितले की, जुने ब्रश बहुधा डुकराच्या राठ केसांचे, बॅजर या प्राण्याच्या केसांचे किंवा घोड्याच्या केसांचे असत. ज्या घरात पाणी गाळल्याशिवाय वापरले जात नाही, संध्याकाळचे जेवण सूर्य मावळण्यापूर्वी उरकते आणि कंदमूळ शिजत नाही, त्या घरात हा ब्रश दोन पिढ्या खिडकीत उभा होता. अण्णा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “इतकी वर्षं गालाला लावला, एकदाही विचारलं नाही.” आजी म्हणाल्या, “त्या वेळी सांगणारं कोण होतं? आता कळलं, आता बदला.” त्यांनी तो ब्रश टाकून दिला नाही, कागदात गुंडाळून वेगळा ठेवला.

त्याऐवजी कृत्रिम तंतूंचा ब्रश आणला. व्यवहाराच्या दृष्टीनेही तो सोयीचा ठरला. डुकराच्या केसांचा ब्रश आधी पाण्यात भिजवून ठेवावा लागतो आणि नवा असताना काही आठवडे रुळावा लागतो. कृत्रिम तंतू पाणी शोषत नाहीत. नुसते ओले केले की काम सुरू होते आणि ते लवकर वाळतात. वसतिगृहातून खोलीत आणि खोलीतून पाळीत धावणाऱ्या मुलाला हेच सोयीचे.

साबणाच्या बाबतीत आता सर्वांनीच डोळे उघडे ठेवले. दाढीच्या साबणाचा फेस दाट आणि टिकाऊ असावा लागतो. म्हणून त्यात स्टिअरिक आम्ल भरपूर असते आणि अंगाच्या साबणातील सोडियमच्या क्षाराबरोबर किंवा त्याऐवजी पोटॅशियमचा क्षार वापरतात. स्टिअरिक आम्ल पाम तेलापासूनही मिळते आणि प्राण्यांच्या चरबीपासूनही. वेष्टनावर नुसते नाव वाचून ते कोठून आले, हे कळत नाही. नातवाने हे रसायनशास्त्र आजींना समजावले आणि आजींनी त्याचा सोपा निष्कर्ष काढला, “म्हणजे हिरवा ठिपका बघून घ्यायचा.” तसा ठिपका असलेला, केवळ वनस्पती तेलांपासून बनवल्याचे स्पष्ट लिहिलेला आणि सौम्य सुगंधाचा साबण त्यांनी निवडला.

तुरटी घरचीच होती.

सामान आले, आता शिकणे बाकी होते. मान बरी होण्यासाठी आठवडा गेला. या वेळी अण्णा मागे उभे न राहता समोर खुर्चीवर बसले. पहिल्या दिवशी रेझरला हात लावायचाच नाही, असे ठरले. एका दिवसाची वाढलेली दाढी बोटांनी चाचपून केस कोठे कोणत्या दिशेला झुकलेले आहेत, ते पाहायचे. बोट गुळगुळीत फिरले तर ती केसांची दिशा, खरखरले तर उलटी. नातवाने कागदावर चेहरा काढून त्यावर बाण काढले. गालावरचे बाण खाली जात होते. हनुवटीखालीही खाली. मात्र मानेच्या तळाशी बाण वर वळत होते आणि डाव्या बाजूला तर ते थेट कानाकडे आडवे गेले होते. अण्णांना तो कागद पाटाच्या पाण्याच्या नकाशासारखा वाटला. नातू आजवर सारी मान खालून वर करत आला होता. वरच्या भागात ते उलटे होते आणि डावीकडे आडवे. पुटकुळ्या नेमक्या तेथेच होत्या.

मग रीत. अंघोळीनंतर किंवा कोमट पाण्याने चेहरा दोन मिनिटे भिजवल्यानंतर दाढी करावी, कारण भिजलेला केस मऊ होतो. ब्रश साबणावर फिरवून, थेंब थेंब पाणी घेत, चेहऱ्यावरच फेस चढवावा. फेस बुडबुड्यांचा नको, दह्यासारखा हवा. रेझरचा दांडा त्वचेशी साधारण तीस अंशांत धरावा. जमत नसेल तर टोपी गालाला टेकवून दांडा हळूहळू खाली आणावा. जेथे पाते केसाला लागल्याचे जाणवते, तोच कोन. दाब द्यायचा नाही. बोटभर लांबीचे आखूड हात मारायचे, मोकळ्या हाताने त्वचा हलकेच ताणायची आणि रेझर आडवा सरकवायचा नाही. बहुतेक जखमा आडव्या सरकण्यानेच होतात. एकदा केसांच्या दिशेने फिरवावे. पुन्हा फेस लावून दुसऱ्यांदा हवे तर तिरपे. उलट दिशेला जायचेच नाही. गुळगुळीतपणा मुखवट्यापुरता हवा, आरशापुरता नव्हे, असे नातू स्वतःलाच बजावत असे.

शेवटी गार पाण्याने चेहरा धुऊन ओली तुरटी फिरवायची. तुरटी त्वचा आकसते आणि बारीक ओरखड्यांतील रक्त थांबवते. त्याखेरीज ती परीक्षकही आहे. जेथे दाब अधिक पडला, तेथे ती झोंबते. पहिल्या दिवशी नातवाची सारी मान झोंबली. आठव्या दिवशी फक्त डाव्या जबड्याखाली. वहीत अण्णांनी याची रोज नोंद ठेवली. चारपैकी दोन जातींची पाती पहिल्याच वापरात बाद झाली. तिसरे बरे निघाले. चौथे त्याला मानवले.

वापरलेल्या पात्याचाही विचार झाला. अण्णांच्या वडिलांच्या काळी जुने पाते पेन्सिलीला टोक काढायला आणि शिवणाचा धागा कापायला जाई. आता ते कचऱ्यात पडते आणि तो कचरा कोणीतरी हाताने वेगळा करतो. नातवाने पत्र्याच्या एका डब्याच्या झाकणाला चीर पाडली आणि वापरलेली पाती तीत टाकायची, डबा भरला की चिकटपट्टीने बंद करून भंगारात द्यायचा, असे ठरवले. आपला रेझर दुसऱ्याला द्यायचा नाही आणि दुसऱ्याचे पाते घ्यायचे नाही, हेही. कावीळ ‘ब’सारखे आजार रक्तातून पसरतात.

अण्णांनी वहीच्या शेवटच्या पानावर हिशेब मांडला. पूर्वी नातू वापरत असे त्या कार्ट्रिजची किंमत १८० रुपये; नऊ वेळा वापरले तर एका दाढीला २० रुपये. नवे पाते तीन रुपयांचे. पाच वेळा वापरले तर एका दाढीला ६० पैसे. वर्षाला तीनशे दाढ्या धरल्या, तर एकीकडे ६००० रुपये आणि दुसरीकडे १८०. रेझर, ब्रश आणि साबण यांचे मिळून पहिल्या वेळचे १५०० रुपये चार महिन्यांच्या आत वसूल. त्याखाली त्यांनी आणखी एक ओळ लिहिली : पूर्वी सहा मिनिटे लागत, आता पंधरा, वर्षाला ४५ तास अधिक. हा खर्चही खराच आहे आणि तो ज्याला परवडत नाही, त्याने कार्ट्रिज वापरावे, यात काही उणेपणा नाही, असा शेराही त्यांनी मारला. विमानाने जायचे झाल्यास ही पाती हातातील सामानात नेता येत नाहीत, हेही लिहून ठेवले.

जूनच्या अखेरीस नातू कुरकुंभला गेला. दुसऱ्याच सकाळी त्याचा फोन आला. फेस होत नव्हता. ब्रशवर नुसता पांढरा चोथा जमत होता. अण्णांनी विचारले, “पाणी कुठलं?” पाणी बोअरचे होते. जड पाण्यातील कॅल्शियम साबणाशी संयोग पावते आणि फेसाऐवजी साका तयार होतो. सांगलीला कृष्णेच्या पाण्यावर तयार झालेला हात तेथे अडला होता. “ब्रश आणि फेसाला पिण्याचं शुद्ध पाणी घे. पेलाभर पुरतं. धुवायला बोअरचं चालेल,” असे अण्णांनी सांगितले. नातवाला हे रसायन पुस्तकातून ठाऊक होते. सकाळी साडेसहाला आरशासमोर मात्र ते आठवले नव्हते.

१ जुलैच्या दुपारी पुन्हा फोन वाजला. तो आजींनी घेतला. ऐकून झाल्यावर त्यांनी फोन कानापासून दूर न करताच अण्णांना सांगितले, “केळ्याचा वास आला नाही म्हणतोय.”

दिवाळीत नातू घरी आला. मानेवर दोन जुने डाग होते, नवी पुटकुळी एकही नव्हती. त्याने आणलेल्या पिशवीतून अण्णांसाठी दोन वस्तू निघाल्या : तशाच कृत्रिम तंतूंचा एक ब्रश आणि ओल्या चेहऱ्यावर, फेस लावूनही चालणारे विजेचे यंत्र. त्याने हृदयरोगतज्ज्ञांना आधीच विचारून घेतले होते. डॉक्टरांनी उघड्या पात्याला स्पष्ट नकार दिला होता. यंत्राला हरकत नव्हती. “पातं सोडून बाकी सगळं तुम्हाला करता येईल,” तो म्हणाला.

अण्णांनी त्याच दिवशी खिडकीत गोल आरसा मांडला. वाटीत कोमट पाणी घेतले. कापत्या हाताला ब्रश जमतो. किंबहुना फेस चढवताना हात थोडा हलला तरी बिघडत नाही. पंधरा मिनिटे ते तेथे बसले. आजी दारातून डोकावून गेल्या.

साधन जुने की नवे, हा वाद पुष्कळदा रंगतो आणि त्यात वापरणाऱ्या माणसाची आठवण राहत नाही. एकाच घरात एकाच वेळी नातवाला जुन्या पद्धतीचा रेझर उपयोगी पडला आणि आजोबांना नवे यंत्र. दोघांनाही ते सापडले, ते आपला केस, आपली त्वचा, आपला हात आणि आपले पाणी नीट पाहिल्यावर. वडिलांचा पितळी रेझर पेटीतच आहे. वाकलेला दात कारागिराकडून सरळ करून घ्यावा, असे अण्णांच्या मनात एकदा आले होते. पण त्यांनी तो तसाच राहू दिला आणि शेजारी ती वही ठेवली.